नायोबियमची टकटक

आधी शपथ घ्या, हसणार नाही म्हणून. नाही घेत? मग हसा! माझी अब्रू तशीही अंबडला जाऊन बरीच वर्षं झाली.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. अंबडच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका छोट्या लॅबमध्ये मी केमिस्ट, पगारे मदतनीस. काम काय, तर काळ्या वाळूसारख्या खनिजातून नायोबियम नावाचा धातू काढायचा. आता हे नायोबियम एकटं येईल तर शपथ! पंगतीला न बोलावलेले पाहुणे यावेत तसे थोरियम-युरेनियम त्याच्यासोबत हजर, आणि दोघंही किरणोत्सारी. खनिज आम्लात विरघळवलं की थोरियम गाळात बसायचं, नायोबियम वरच्या द्रवात यायचं आणि शेवटी त्याच्या ऑक्साइडची पांढरी पावडर हाती लागायची. मग तिच्याजवळ किरणं मोजायचा काउंटर धरायचा. शांत राहिला तर माल पास. टकटक वाजला तर पुन्हा धुवा. आणि दर धुण्यात थोडं नायोबियम वाया!

त्या दिवशी संध्याकाळी गिऱ्हाईक नमुना बघायला येणार होतं. पसंत पडला तर मोठं काम, नाहीतर लॅबला टाळं. मालकीण जोशीबाई देव पाण्यात घालून बसलेल्या.

मी चष्मा सावरत शेवटचं तपासायला वाकलो आणि टकटक टकटक!

"बाई, थोरियम राहिलंय!"

"अहो, काल पगारेनं बघितलं तेव्हा गप्प होता की!"

"काल मी रजेवर होतो ना! हे नीट वाकून बघायचं काम असतं."

बघा माझा तोरा! धुतलं, वाळवलं, पुन्हा टकटक. परत धुतलं. वाटीभर पावडर चमचाभरावर आली, पण काउंटर ऐकेना. मी टेबल पुसून घेतलं, बाईंना अंगठी काढायला लावली. मग पगारेचा डबा उघडला.

"अरे, भेंडी हाय ती, युरेनियम नाय!" पगारे ओरडला.

मी भेंडीवर काउंटर धरला. टकटक! बिचाऱ्याला मी जेवूच दिलं नाही.

शेवटी बाई वैतागल्या. "तुम्ही जरा बाहेर चहा पिऊन या बघू."

काउंटर टेबलावर ठेवून मी दाराबाहेर गेलो, तो गप्प. आत येऊन टेबलाशी वाकलो, टकटक!

"खिशात काय आहे?" बाईंनी विचारलं.

"काही नाही हो... गॅसबत्तीची मेंटलं."

हरसूलला मेव्हण्याचं लग्न, वरातीला गॅसबत्त्या. त्यात पेटणाऱ्या त्या पांढऱ्या जाळ्या मी रविवार कारंजावरून डझनभर घेतल्या होत्या. "विसराल, खिशातच ठेवा," असं बायकोनं बजावलेलं. आणि त्या जाळ्या एवढ्या झगझगीत कशानं पेटतात? थोरियमनं! हे मी स्वतः पूर्वी कॉलेजात पोरांना शिकवलेलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं हो!

पगारेनं ती राहून गेलेली भेंडी माझ्यासमोर बसून, एकेक चावून खाल्ली.

संध्याकाळी गिऱ्हाईक आलं. जाळ्या लॅबबाहेर, काउंटर अगदी मुका.

"माल एक नंबर, काम तुमचंच," ते म्हणालं. "पण बाई, एवढं खनिज दिलं होतं आणि हाती चमचाभरच?"

"किरणोत्सारी अशुद्धीमुळे उतारा घटला," बाई शांतपणे म्हणाल्या.

"अस्सं? आणि ती अशुद्धी आता कुठाय?"

बाईंनी माझ्याकडे बोट केलं.

"ही काय, चष्मा लावून उभी आहे."