साक्षीची बाटली

माझ्या वहिनीच्या अंगाला कसलाच वास येत नाही. पावडर नाही, सुगंधी तेल नाही, हाताला लावायचं मलमसुद्धा नाही. लग्नाला निघाली तरी बिनवासाच्या साबणानं तोंड धुणार आणि निघणार. मी तिला चिडवायचे, "वहिनी, तुझ्याशेजारी बसलं की भिंतीला टेकून बसल्यासारखं वाटतं." ती म्हणायची, "वन्सं, भिंतीला पगार मिळत नाही. मला ह्याचाच मिळतो."

ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. जिथे पेट्रोलच्या टाक्या जमिनीत पुरलेल्या असतात, तिथे आजूबाजूला अरुंद नळ खोल गाडून ठेवतात. वरून पाहणाऱ्याला फुटपाथवरचं एक लोखंडी झाकण दिसतं, बस्स. वहिनी ते झाकण उघडते, नळात साचलेलं शिळं पाणी उपसून टाकते, जमिनीतलं ताजं पाणी आत येईपर्यंत तिथेच बसून राहते आणि मग ते छोट्या बाटल्यांत भरते. अगदी काठोकाठ. वर हवेचा बुडबुडा राहिला तरी बाटली बाद, कारण पाण्यातलं पेट्रोल त्या बुडबुड्यात पळून जातं. कामाच्या दिवशी ती स्कूटरमध्ये पेट्रोल भरत नाही, आदल्या दिवशीच भरून ठेवते. शिवाय बाटल्यांच्या पेटीत एक बाटली अशी असते की ती कुठेच उघडायची नाही. प्रयोगशाळेतच स्वच्छ पाणी घालून बंद केलेली. ती नुसती बाकीच्यांबरोबर जाते आणि परत येते. तिच्यात पेट्रोल सापडलं, तर ते जमिनीतलं नव्हे, वाटेत हवेतून झाकणाआत शिरलेलं. वहिनी तिला साक्षीची बाटली म्हणते.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर पेट्रोल पंप होता आणि त्या पंपावर माझा दादा. मिसरूड फुटलं तेव्हा लागला, केस पिकले तरी तिथेच. संध्याकाळी आधी तो वास घरी यायचा, मागून दादा. वहिनी दारातच ओरडायची, "कोट बाहेर!" तिच्या कामापायी त्या कोटाला घरात बंदी होती. तो बिचारा जन्मभर बाहेरच्या खिळ्यावर. मग एका सकाळी दादा पंपावरच छाती धरून खाली बसला, तो उठलाच नाही.

पुढे पंप बंद पडला. टाक्या उकरल्या तेव्हा कळलं की त्यातली एक कधीपासून झिरपत होती. गल्लीची बोअर सील झाली. तेव्हापासून आम्ही टँकरच्या पाण्यावर जगतोय, आणि बादलीवरून भांडण्यात आता आमचा हात कोणी धरू शकणार नाही. खराब माती काढून नेली, खड्डा भरला, पाण्याची तपासणी सुरू झाली. हे ठिकाण वहिनीनं स्वतः मागून घेतलं. का, ते मी विचारलं नाही. दर खेपेला आकडा उतरत गेला. शेवटी वहिनीच्या प्रयोगशाळेतल्या साहेबांनी सांगितलं, आता एकदा पाणी स्वच्छ आलं की बोअर उघडू. सगळ्या गल्लीचा जीव टांगणीला लागला.

निकाल आला. सगळ्या बाटल्यांत पेट्रोल. साक्षीच्या बाटलीतही.

म्हणजे फेरी फुकट. शेजारीण मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "घरच्याच माणसानं तोंडचं पाणी पळवलं." माझ्या डोक्यात तिडीक गेली, ती शेजारणीवर नव्हे, वहिनीवर. अत्तर लावलं म्हणून जी मला जवळ बसू देत नाही, तिच्या पेटीत पेट्रोल? मी चपला अडकवल्या आणि तडक गल्लीतच दोन दारं पलीकडे तिच्या घरी गेले.

"पेटी कुठे ठेवली होतीस?" मी दारातूनच विचारलं.

"सकाळी लवकर निघायचं होतं, म्हणून आदल्या दिवशी घरी आणली."

"घरी कुठे?"

ती कपाटाकडे बघत राहिली. मी पुढे होऊन कपाट उघडलं.

आणि दादा घरी आला. दुसऱ्या शब्दांत मला सांगता येत नाही. आता 'काय गं खारूताई' अशी हाक येणार असं वाटून मी मागे वळूनसुद्धा पाहिलं. आत हँगरला त्याचा कोट होता आणि खाली पेटी मावेल एवढी मोकळी जागा. भांडायचं म्हणून आणलेलं सगळं मी विसरून गेले.

"इतक्या वर्षांनी अजून वास आहे?" मी विचारलं.

"नाही हो. तो केव्हाच उडून गेला." वहिनी पलंगाच्या कडेला टेकली. "मीच घालते. दोन-चार थेंब, कॉलरला, बाहीला."

"पेट्रोल? तू?"

"हे होते तेव्हा कोट बाहेर ठेवायला लावला मी. रोज. आता कोट आत आहे, तर..." तिनं पदरानं नाक पुसलं. "पेटी ठेवली आणि त्या बाहीला गाल लावून उभी राहिले, वन्सं. ते पेट्रोल आहे, पेटीला बाधेल, हे डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, हे आहेत."

मी तिच्याशेजारी बसले. साहेबांना तिनं सगळं खरं सांगून टाकलं होतं. ते आधी तापले, मग म्हणाले, नवी पेटी घे, पुन्हा पाणी आण, पण त्याआधी कपाट रिकामं कर. तेवढंच तिच्या हातून होत नव्हतं. आणि खरं सांगते, मलाही वाटलं की होऊ नये. गल्ली काय, टँकरवर जगतेच आहे, आणखी थोडी जगेल. मला माझा दादा हवा होता. दारात उभा, हात काळे, वहिनीच्या शिव्या खात हसणारा.

"मी नेते कोट," मी म्हणाले.

"नको. इतकी वर्षं मीच धुतला."

तिनं तो अंगणात नेऊन धुतला. पिळायला मात्र तिला माझा हात लागला, इतका तो जड झाला होता. नंतर तिनं कपाटाच्या फळ्याही घासल्या, आणि कोटावर थेंब घालायची ती पेट्रोलची बाटली प्रयोगशाळेत नेऊन साहेबांच्या ताब्यात दिली.

नव्या पेटीतलं पाणी स्वच्छ निघालं. बोअर उघडली त्या दिवशी गल्लीतली झाडून सगळी माणसं नळाभोवती जमली. पहिला ग्लास वहिनीला द्यायचा असं शेजारणीनंच ठरवलं. वहिनीनं तो ओठांना लावला नाही. नाकाशी नेला, डोळे मिटले, खोल श्वास घेतला. मग पुन्हा घेतला.

"आहे का हो अजून काही?" शेजारणीनं घाबरून विचारलं.

"नाही," वहिनी म्हणाली. "काहीच राहिलं नाही."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. मी ग्लास तिच्या हातातून काढून घेतला आणि तिला धरून आत नेलं.