गाणारी बाई कुठं उभी आहे

अंबडमध्ये गाडीत गाणी वाजवायचा नाद असलेली आम्ही पाच माणसं आहोत. पाचही जणांची पोटं सुटलेली, चौघांचे केस गेलेले आणि पाचव्याचे, म्हणजे माझे, जायच्या वाटेवर. मोबाईलवर आमचा एक ग्रुप आहे. नवीन वस्तू आली की खोकं न फोडता गाडीच्या बॉनेटवर ठेवायचं, फोटो टाकायचा आणि किंमत लिहायची नाही, हा तिथला नियम. किंमत का लिहायची नाही हे पाचही घरच्या बायकांना माहीत आहे.

खोकं फुटायचं ते रविवारी सकाळी, अंकुशनगरच्या रस्त्याला, कारखान्याच्या अलीकडच्या मोकळ्या मैदानात. आमच्यातला एक बॅटरीच्या दुकानाचा मालक, तो वायरी जोडायचा. मग मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवायचे. डोळे मिटून गाणं ऐकायचं आणि गाणारी बाई कुठं उभी आहे ते बोटानं दाखवायचं. आवाज जुळलेला असला तर बाई डॅशबोर्डच्या मधोमध उभी राहते, नसला तर कुठल्यातरी दाराला चिकटते. मी बोट दाखवायचो आणि त्याप्रमाणे डावं-उजवं कमीजास्त व्हायचं. शाळेत मी गणित शिकवतो. तिथं माझं इतकं कोणी ऐकत नाही.

माझ्या गाडीचा आवाज तर मी माझ्याच डोक्याच्या उंचीला जुळवलेला. बायको दोन वर्षांपूर्वी गाडी शिकली, पण स्टेअरिंग काही तिच्या हाती दिलं नाही. सीट पुढंमागं झाली की बाई जागेवरून हलते, असं मी तिला सांगायचो. ती म्हणायची, "हलू द्या. बसंल कुठंतरी."

दिवाळीनंतर एका सकाळी उठलो तर डावा कान बंद. मळ असंल म्हणून तेल टाकलं. मग लसणाचं तेल. मग वाट पाहिली. वीस-बावीस दिवसांनी जालन्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "नस गेली आहे. पहिल्या दोन-चार दिवसांत यायला पाहिजे होतं." मी "बरं" म्हणालो. वाईट वाटायला पाहिजे होतं, पण तसं काही वाटलं नाही. बसस्टँडवर उसाचा रस प्यायलो, ग्लास परत दिला, अंबडच्या गाडीत बसलो. त्याच आठवड्यात नवीन स्पीकर मागवले. जोडी. एकच मिळत नाही. खोकं बॉनेटवर ठेवून फोटो टाकला. चार अंगठे आले.

घरी सांगितलं नाही, ग्रुपवर तर नाहीच. कान गेला म्हटल्यावर रविवारी मला त्या सीटवर कोण बसवणार?

रविवारी डोळे मिटले तर बाई उजव्या दारात.

"डावीकडं वाढव," म्हणालो.

वाढवलं. बाई हलेना.

"अजून."

तिसऱ्यांदा मी डोळे उघडले आणि म्हणालो, "आली मधे." एक रविवार एक गाडी, असं करत मी पाचही गाड्या जुळवून दिल्या. एकदा बॅटरीवाला म्हणाला, "सर, आमची मंडळी म्हणून राह्यली, माझ्या कानापाशी फटाके फुटून राह्यलेत. मी म्हणलं, सरांनी ऐकून दिलंय, तुला काय कळतंय!" सगळे हसले. मीही हसलो. स्वतःच्या कानाला काय ऐकू येतंय हे चौघांनाही कळत असणार, पण माझ्या कानापुढं त्यांनी स्वतःचे कान खोटे धरले.

बायको गाडीत माझ्या डाव्या हाताला बसते. तिकडून ती काही विचारायची, मला पत्ता नसायचा. पण मी उत्तर न देणं हे आमच्या संसारात इतकं जुनं होतं, की तिला संशय यायचं कारणच नव्हतं.

मग एका रविवारी बॅटरीवाल्यानं त्याच्याच गाडीत मला बसवलं. म्हणाला, "नवीन काही न्हाई, सर. नुसतं ऐका. बाई कुठंय?"

"जराशी उजवीकडं."

"नक्की?"

"बिलकुल."

डोळे उघडले. त्यानं खिडकीतून दोन सुट्या वायरी माझ्यापुढं धरल्या होत्या.

"उजवीकडचं सगळं काढून ठेवलंय, सर. नुसतं डावं वाजून राह्यलंय."

गाणं चालूच होतं. मी हात लांब करून बंद केलं.

"कव्हापासून?"

"दिवाळीपासून."

"डॉक्टर काय म्हणला?"

"गेला म्हणला."

"मंग सांगायचं न्हाई का?"

"सांगून रविवारी मी काय करू?"

मागून एक जण म्हणाला, "पाच गाड्या नासवल्या की वो सर तुम्ही!" आणि हसायला लागला. मग एकटाच हसतोय हे लक्षात येऊन थांबला.

त्या दिवशी पाचही गाड्या पुन्हा जुळवल्या. सीटवर बॅटरीवाला बसला. त्याचं बोट माझ्यापेक्षा हळू फिरायचं, पण बराबर जागी थांबत असावं. मी त्याच्या हत्यारांच्या डब्याचं झाकण धरून उभा राहिलो. झाकणात स्क्रू होते. एकही पडू दिला नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मेथीची एक जुडी तिनं पुरी निवडून संपवली. मग म्हणाली, "मला वाटलं, मुद्दाम करून राह्यलेत."

पुढच्या रविवारी तिच्या माहेरी, धावड्याला जायचं होतं. मी किल्ली घेतली, तिनं ती माझ्या हातातून काढून घेतली.

"तुम्ही तिकडून बसा."

तिनं सीट पुढं ओढली, आरसा फिरवला. मी गाणं लावायला हात पुढं केला, तर म्हणाली, "राहू द्या ते." आणि दिवाळीपासून मला जे जे सांगून झालं होतं ते पहिल्यापासून सांगायला लागली. तिच्या भावाच्या बोअरचं, मुलीच्या होस्टेलच्या जेवणाचं, गळक्या टाकीचं. माझा उजवा कान तिच्याकडं होता. सगळं येत होतं.

भोकरदनच्या अलीकडं ती थांबली.

"ऐकू येतंय ना?"

"येतंय."

"मंग मधून मधून हो म्हणत चला."