काच उभीच न्यायची

चाळीस वर्षं काचा वाहिलेल्या माणसाने सख्ख्या नातीला दोन महिने हात लावला नाही, हे कुणाला सांगून खरं वाटलं नसतं. शोकेसची भलीमोठी काच तीन जिने चढवणारे काचवाले, मुलगी बाळ पुढे करू लागली की हात खिशात घालून खिडकीपाशी जायचे. "माझे हात खरखरीत आहेत गं," म्हणायचे. खरं म्हणजे त्यांची पाचावर धारण बसायची.

बाळ मात्र घर डोक्यावर घेत होतं. दूध प्यायलं की पाठीची कमान करायचं, किंचाळायचं आणि निम्मं दूध ओकून टाकायचं. आजी हौसेने झुलवायची, की उरलेलंही बाहेर. शेवटी डॉक्टरबाईंनी बजावलं, "पाजल्यावर अर्धा तास उभं धरा. हलवू नका, पोट दाबू नका. आठवड्यात वजन वाढलं नाही, तर दाखल करावं लागेल."

अर्धा तास न हलता! आजीने पहिल्याच दिवशी हात टेकले. दुसऱ्या दुपारी बाळाला घेऊन उभ्या असलेल्या मुलीचा झोपेने तोल गेला, तसे काचवाले दोन ढांगांत पोचले. एक हात बाळाच्या खाली, एक पाठीमागे, आणि तोंडातून सवयीने निघून गेलं, "आली!"

काच एकाकडून दुसऱ्याकडे जाताना घेणाऱ्याने 'आली' म्हटल्याशिवाय देणारा सोडत नाही. मुलीने सोडलं आणि खुर्चीत बसल्याबसल्या झोपून गेली.

आता काचवाले अडकले. पण हातांना सगळं ठाऊक होतं. काच आडवी धरली तर आपल्याच भाराने तडकते. उभी धरायची, आवळायची नाही, हिसका द्यायचा नाही. फक्त ही काच श्वास घेत होती. बाळाने एकदा कमान केली, कुरकुरलं, मोठ्या माणसासारखी ढेकर दिली आणि त्याच खरखरीत तळव्यावर डोकं टेकून झोपलं. खांदा कोरडा होता. काचवाल्यांना इतकं नवल वाटलं, की तास उलटला तरी ते बसले नाहीत.

मग दर पाजण्यानंतर बाळ त्यांच्याकडे. दुकानातून बोलावणं आलं, तर म्हणाले, "इथे नाजूक माल आहे, येत नाही."

वजनाच्या दिवशी त्यांनीच बाळाला काट्यावर टेकवलं, पण हात काही निघेनात.

"सोडा ना आजोबा," नर्स म्हणाली.

"आधी 'आली' म्हणा."

"म्हणा हो," मुलगी हळूच म्हणाली, "त्याशिवाय सोडायचे नाहीत ते."

"आली बाई, आली!"

हात निघाले. दोनशे दहा ग्रॅम वाढले होते. मुलीला रडू फुटलं. काचवाले मात्र आकड्याकडे बघतच राहिले.

"चाळीस वर्षं वाहतोय," ते म्हणाले, "पण हातातली काच कधी वाढली नव्हती गं."