संदेशच्या नावाच्या दोन चिठ्ठ्या

हे सांगायचं मी वीस वर्षं टाळलं. गेल्या महिन्यात सचिनचा फोन आला, "सर, आपला संदेश गेला. हार्ट अटॅक," तेव्हा ज्याला सांगायचं होतं तोच उरला नाही...

पार्ल्याच्या एका कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवायचो. संदेश मानखुर्दहून यायचा. वर्गात आधी त्याचा आवाज शिरायचा, मग तो. गटात माणसं कशी जोडली जातात हे शिकवताना मी दरवर्षी एक प्रयोग करायचो. प्रोजेक्टला सोबत कोण हवं, ते प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं. मग मी फळ्यावर रोल नंबरांची वर्तुळं काढून बाणांनी जोडायचो. नावं नाहीत, म्हणजे गुप्तता राखली, अशी माझी समजूत. रोज हजेरी घेणाऱ्या माणसाला कळायला हवं होतं, की वर्गात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना पाठ असतात.

त्या वर्षी चिठ्ठ्या घेतल्या तेव्हा सचिन आणि प्रकाश, संदेशचे दोघेच जिवलग, गणपतीला गावी गेले होते. एक्केचाळीस नंबरकडे एकही बाण गेला नाही. थांबायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण धड्यासाठी उदाहरण नामी होतं... मी त्या वर्तुळाभोवती लाल खडू फिरवला. सगळा वर्ग मागे वळला. संदेश हसत म्हणाला, "काय सर, माझा पत्ताच कुणाला माहीत नाही वाटतं."

त्यानंतर तो कँटीनमध्ये दिसेना. कुणी हाक मारली तर "काम आहे रे" म्हणून निघून जायचा. चार दिवसांनी सचिन-प्रकाशच्या चिठ्ठ्या आल्या. दोन्हींवर संदेशचं नाव. मी त्या ड्रॉवरमध्ये टाकल्या. वर्गासमोर चूक कबूल करणं जिवावर आलं. पुढे स्टाफरूममध्येही सांगत राहिलो, "मुळातच एकलकोंडा मुलगा." ते खोटं होतं.

काही वर्षांनी स्टेशनबाहेर त्याने मला वाकून नमस्कार केला. "ओळखलंत का सर? एक्केचाळीस नंबर." मी नोकरीची चौकशी केली आणि बस आली म्हणून निघालो. ती बस माझी नव्हती.

परवा सचिनबरोबर संदेशच्या घरी गेलो. त्याची बायको म्हणाली, "लग्नाला कॉलेजचं कुणीच नव्हतं. 'बोलावलं तरी कोण येणार,' म्हणायचे."

"वहिनी, नुसता निरोप दिला असता ना, तरी धावत आलो असतो," सचिन म्हणाला.

ती माझ्याकडे वळली. "सर, तुम्ही तर शिकवलंत ह्यांना. असे का होते हो हे?"

मी म्हणालो, "स्वभाव असतो एकेकाचा."

मान हलवून ती चहा ठेवायला आत गेली. माझ्यामुळे झाला तो तसा, मला माफ करा... एवढंच म्हणायचं होतं. ती कप घेऊन बाहेर आली तेव्हा मी दारात चपला घालत होतो.