किल्ली काढल्यावरही
जळक्या ऑइलचा वास आला की मला वडीगोद्रीजवळचं ते रस्त्याकडेचं गॅरेज आठवतं. भर दुपार होती, माझा ट्रक निळा धूर ओकत उभा होता आणि म्हातारे मिस्त्री सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरं फडकं धरून बसले होते. फडक्यावर चिकट डाग पडले. "इंजन ऑइल जाळून राह्यलंय. किती टाकलं होतं?" त्यांनी विचारलं. लांबचा पल्ला म्हणून सकाळी मी खुणेच्या वर डबाभर जास्तच ओतलं होतं, पण इतक्या वर्षांच्या ड्रायव्हरला ते सांगायची लाज वाटली. "बराबर टाकलं," म्हणालो. माझ्या शब्दावर त्यांनी ऑइल मोजायची पट्टी न बघताच, इंजिनापाशी उभं राहून मला रेस द्यायला लावली. मी पाय दाबला, मग उचलला, पण आवाज उतरेना. तो चढतच गेला, केबिन थरथरू लागली, आरशात धुराशिवाय काही दिसेना. मी किल्ली फिरवली, काढून हातात घेतली, तरी इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळत होतं. आता हे फुटणार, आणि मिस्त्री तर त्याला खेटून उभे. त्यांनी इंजिनात हवा नेणारा पाइप उपसला आणि उघड्या तोंडावर लाकडी फळी दाबून धरली. इंजिन हिसका देऊन मेलं. मग त्यांनी पट्टी काढून पाहिली, ऑइल खुणेच्या वरच होतं. नंतर आपल्या दोन्ही हातांची बोटं शाबूत आहेत ना, ते उलटसुलट करून बघत राहिले. अजूनही गाडी बंद केली की मी किल्ली मुठीत धरून जरा बसतो, इंजिन खरंच थांबलंय ना, ते ऐकत.