पत्रिकांची कमान

शेवंता गजभियेच्या घरून कचरागाडीत काही पडलं, तर गाडीवाल्यालाच नवल वाटायचं. भाजीची देठं आणि शेंगांची टरफलं सोडली, तर बाकी सगळं घरातच मुक्काम करायचं. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत असायच्या. चिप्सची पाकिटं उलटी करून त्यांच्या चंदेरी पट्ट्या कापलेल्या असायच्या. फुटक्या बांगड्या, छत्रीच्या काड्या, कूलरची गंजकी जाळी, करवंट्या, नळवाल्याने टाकून दिलेले पाइपाचे तुकडे, सगळ्यांना पलंगाखाली जागा होती. त्यातून मग तोरणं व्हायची, झुंबरं व्हायची, आणि मोर तर इतके व्हायचे की सून दीपमाला एकदा म्हणाली, "आई, या घरात माणसं किती अन् मोर किती, एकदा शिरगणती कराले पाहिजे."

दीपमाला समता कॉलोनीतल्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसायची. दिवसभर लोकांचं ऐकून घरी आल्यावर दारातच डोक्याला झुंबर लागलं की तिचं तोंड वाकडं व्हायचं, पण वाईट बोलायची नाही. मुलगा प्रफुल्ल उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये पाळीवर. तो घरी यायचा तेव्हा इतका थकलेला असायचा की मोर काय, खरा हत्ती दारात उभा असता तरी त्याने बाजूला सरकवून पलंग गाठला असता.

शेवंताला हे सगळं कळत होतं. ज्यांना आपण तोरणं देतो ते दिवाळीच्या साफसफाईत ती काढून टाकतात, हेही ठाऊक होतं. तिचं त्यामुळे काही अडत नव्हतं. अडत होतं एकाच ठिकाणी, आणि ते म्हणजे पाऱ्यातलं, म्हणजे मोहल्ल्यातलं, बुद्धविहार.

गोंदियाकडच्या खेड्यातून लग्न होऊन ती रायपूरला आली, नवरा मारोती रेल्वेच्या वॅगन कारखान्यात होता, तेव्हा विहार म्हणजे चार खांबांवर टिनाचं छप्पर होतं. बुद्धपौर्णिमेला सजवायला पैसे नव्हते आणि माणसंही नव्हती. शेवंताने वर्तमानपत्राची कमळं करून रंगवली आणि छपराला टांगली. तेव्हापासून दर पौर्णिमेची सजावट तिची. मारोती गेल्यावर तर त्या एका दिवसाला फारच वजन आलं. वर्षातून एकदा कुणीतरी माइकवरून तिचं नाव घ्यायचं आणि पाऱ्यातली सगळी माणसं मान वळवून तिच्याकडे पाहायची. एरवी घरात तिला 'आई' आणि रस्त्यात 'काकू' म्हणत. शेवंता गजभिये ती त्या दिवसापुरतीच असायची.

यंदा विहाराला चकचकीत फरशी लागली होती, भगवंतांची नवी मोठी मूर्ती आली होती. कमिटीचा सचिव धर्मपाल घरी आला आणि चहा संपेपर्यंत इकडचं तिकडचं बोलून शेवटी म्हणाला, "काकू, औंदा डेकोरेशनवाला बोलावून राहिलो. तुमी आराम करा."

"आराम कराले मी काय बिमार हाय?"

"तसं नाही जी. नागपूरवरून भंतेजी येऊन राहिले. बाहेरचे लोक येतीन. जरासं घरगुती दिसते ना आपलं."

घरगुती! इतकी वर्षं हा शब्द कुणी म्हटला की शेवंताला तो कौतुकाचा वाटायचा. ती म्हणाली, "धर्मपाल, एक डाव पाह्य. घरगुती दिसलं तर तूच उतरवजो."

धर्मपाल भला माणूस होता. भल्या माणसांना लगेच नाही म्हणता येत नाही. तो "बरं" म्हणून गेला.

घरगुती दिसायचं नसेल तर सोनं पाहिजे, असं शेवंताच्या मनाने घेतलं. मूर्तीमागे सोनेरी कमळांची मोठी कमान. पण सोनेरी आणायचं कुठून? ते शेजारच्या राधिकाने दिलं. राधिका साहू, भिंतीला भिंत लागून घर. दोघींच्या मैत्रीत वाटीला वाटी अशी कित्येक वर्षं गेलेली. तिने दिवाणाच्या पोटातून एक भलीमोठी पिशवी ओढून काढली. आत लग्नपत्रिका. मखमली, जाडजूड, सोनेरी.

"ले जाओ दीदी. बरसों के पड़े हैं. रद्दी में दे नहीं सकते, भगवान छपे हैं." मग जरा थांबून म्हणाली, "बस, गणेशजी वाला हिस्सा अलग निकाल के मुझे दे देना. मैं महादेव घाट में सिरा दूँगी."

सिरवणं म्हणजे पाण्यात सोडणं. देवाची जुनी तसबीर, निर्माल्य, भंगलेली मूर्ती, रायपुरात काही फेकत नाहीत, नदीवर नेऊन सिरवतात.

शेवंताला ते सोयीचंच होतं. विहारात देवाचं चित्र चालणार नव्हतं आणि राधिकाला देवाचं चित्र कापलेलं चालणार नव्हतं. म्हणजे एकाच कात्रीने दोघांचंही काम भागत होतं. तिने एकेक गणपती कानाला, सोंडेला धक्का न लावता अख्खा कापून काढला, बिस्किटाच्या डब्यात रचला आणि डबा राधिकाच्या हातात दिला. राधिकाने तो कपाळाला लावला. दोघींनाही समाधान वाटलं.

मग उरली आतली सोनेरी पानं. त्यांवर बारीक उठावाची वेलबुट्टी होती, सोन्यावर सोनं. शेवंताने पाकळ्या कापल्या, लाटण्यावर ओढून त्यांना बाक आणला, मैद्याच्या खळीत मोरचूद घालून चिकटवल्या, म्हणजे झुरळं लागत नाहीत. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला होता, दुसऱ्याचा पिकायचा होता, आणि खोलीतली ट्यूबलाइट जुनी. पण केवळ तिच्या डोळ्यांना दोष देऊन चालणार नाही. रविवारी दीपमालाही बसली होती पाकळ्या वळायला. तिलाही ती वेलबुट्टीच वाटली. पाइप वाकवून प्रफुल्लने कमान बांधून दिली आणि कमळं चढली, तेव्हा दीपमाला मागे सरून पाहतच राहिली. "आई, हे खरंच भारी झालं." असं ती पहिल्यांदाच म्हणाली.

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी कमान विहारात उभी राहिली. विकी म्हणून वायरिंग करणारा पोट्टा होता, त्याने नवे फोकस लावले होते. त्याने बटण दाबलं आणि भगवंतांच्या मागे सोनं पेटलं. बायांनी "अगं माय!" म्हटलं. धर्मपालच्या चेहऱ्यावर 'बरं झालं आपण ऐकलं' असं उमटलं. शेवंताने पदराने तोंड पुसलं.

विकी शिडीवरून फोकस फिरवत होता. प्रकाश तिरका झाला, आणि तो थबकला.

"काकू," तो वरून म्हणाला, "या पाकळीवर सोंड हाय."

"काहाची सोंड?"

"सोंड, सोंड. हत्तीची. अन् इथं कान." त्याने दुसरी पाकळी पाहिली, तिसरी पाहिली आणि हसू दाबता दाबता त्याची शिडी हलायला लागली. "काकू, बाप्पा आले!"

वेलबुट्टी वेलबुट्टी नव्हतीच. तिरक्या उजेडात प्रत्येक पाकळीवर इवलेइवले गणपती चमकायला लागले. कुठे नुसती सोंड, कुठे एक कान, कुठे पोट आणि हातातला मोदक. पोरं हसली. मोठी माणसं हसली नाहीत.

गोदावरी पुढे आली. ती आणि शेवंता एकाच सालच्या सुना. "काहून वं शेवंते, दरसाल बावीस प्रतिज्ञा म्हणतेस ना? अन् भगवंताच्या डोक्यावर ही पलटन आणून बसवली?"

"मले दिसलंच नाही वं."

"दिसलं नाही! तुले तं कचऱ्यातली टिकली दिसते."

विकी धावत जाऊन सोनेरी स्प्रे घेऊन आला. रंग त्या गुळगुळीत सोन्यावर धरेना. उलट ओलीने खळ सुटायला लागली आणि दोन कमळं मान टाकून लोंबली.

"मी पाकळ्या उलट्या करून लावते," शेवंता म्हणाली. "बसते इथंच. होऊन जाते सकाळपर्यंत." पण बोलतानाच तिच्या लक्षात आलं की मागच्या बाजूला नवरा-नवरींची नावं आणि 'श्री गणेशाय नमः' छापलेलं आहे.

धर्मपाल रागावला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "काकू, तुमचा काही गुन्हा नाही. पण लोक फोटो काढतीन, ग्रुपवर टाकतीन. मी कोणाकोणाले समजावत बसू?" आणि बाजूला जाऊन त्याने डेकोरेशनवाल्याला फोन लावला. परत येऊन म्हणाला, "कमान बाहेर ठेवून द्या. सकाळी कचरागाडी नेईन."

कचरागाडी विहारावरून निघाली की सरळ शेवंताच्या गल्लीत यायची. सकाळी राधिका दारात सडा घालत असणार आणि तिच्यासमोरून देठांच्या, डायपरांच्या ढिगावर गणपती जाणार. शेवंताने नकारार्थी मान हलवली. "मी घरी नेते," ती म्हणाली. विकीने एका बाजूने कमान धरली. रस्त्यात तो एकदाच बोलला, "काकू, मी बोलाले नाही पाहिजे होतं." पोट्ट्याचं चुकलं नव्हतं. कुणाचंच चुकलं नव्हतं, हीच तर अडचण होती.

कमान घराच्या बोळीत भिंतीला टेकवून उभी केली आणि वर चादर टाकली. दीपमालाला सगळं सांगून होतंय तोच राधिका आली. "वापस क्यों ले आए? मैं तो सुबह देखने आने वाली थी!" आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने चादर उचलली.

शेवंताने खरं ते सांगून टाकलं. राधिकाने एक पाकळी तोडली, दिव्याखाली नेली, तिरकी धरली. मग त्यावरून बोट फिरवलं.

"दीदी, ये तो बीच से कटे हैं."

"राधिका, सच में, दिखा नहीं मेरे को."

"जानती हूँ दीदी."

ती भांडली असती तर शेवंताला काहीतरी बोलता आलं असतं. राधिकाने पाकळी पदरात ठेवली. "पर कैंची तो चली है ना. अब घर में नहीं रख सकते, बाहर नहीं फेंक सकते. पूरा सिराना पड़ेगा. भैय्यालाल को बोलती हूँ, सुबह उसकी गाड़ी में ले चलेंगे. और आपको चलना पड़ेगा. हाथ आपका लगा है."

"आंटी, कल तो बुद्ध पूर्णिमा है," दीपमाला म्हणाली.

"जल्दी निकलेंगे बेटा. पूजा से पहले लौट आएँगे."

"आई, नाही म्हणा," दीपमाला खाली मान घालून पुटपुटली.

शेवंताने राधिकाकडे पाहिलं. मारोतीच्या आजारपणात महिनाभर हिच्या घरून डबा आला होता. आता हिला काय सांगायचं? तुझा देव आम्ही मानत नाही, म्हणून तो कापला गेला तर माझं काही जात नाही, असं? ते खरं होतं आणि तोंडातून निघण्यासारखं नव्हतं.

"हव, चलती हूँ," ती म्हणाली.

नदीवरून परस्पर वंदनेला जाता यावं म्हणून सकाळी ती पांढरी साडी नेसूनच तयार बसली. भैय्यालालचा माल वाहायचा ऑटो अभनपूरहून भाजी घेऊन यायचा होता, तो उशिरा आला. कमान आडवी मावेना. उभी ठेवायची तर कुणीतरी धरून राहायला हवं. राधिका आणि शेवंता मागे चढल्या. शेवंता मागच्या बाजूला तोंड करून उभी राहिली आणि दोन्ही हातांनी पाइप कवटाळला.

"दुसऱ्या रस्त्यानं नाही का जाता येत?" दीपमालाने खालून विचारलं.

"उधर तो पूरा खुदा पड़ा है," भैय्यालाल म्हणाला.

विहारासमोर गर्दी होती. पंचशील ध्वज, पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे. गाडी थांबली. मूर्तीमागे फ्लेक्स ताणलेला दिसत होता, त्यावर छापील कमळं होती. उन्हात शेवंताची कमान लखलखली आणि माणसांनी माना वळवल्या. पाऱ्यातली सगळी माणसं तिच्याकडे पाहत होती.

"निघाली वं विसर्जनाले," गोदावरीचा आवाज आला. कुणीतरी हसलं. धर्मपालने पाहिलं आणि फ्लेक्सची दोरी उगाचच पुन्हा बांधायला घेतली.

तेवढ्यात आत वंदना सुरू झाली. माइकवर भंतेजींचा आवाज आला तसे रस्त्यावरचे लोक होते तिथेच हात जोडून उभे राहिले. शेवंताचाही हात आपसूक सुटला. कमान कलली.

"दीदी, पकड़ो! गिर जाएगा!" राधिका ओरडली.

तिने घाईने पाइप धरला. ओठ मात्र वंदना म्हणत राहिले.

भैय्यालालने आरशात पाहिलं. "रुकूँ क्या थोड़ा? दीदी का चल रहा है."

"नहीं नहीं, चलो," राधिका म्हणाली. "घाट पे भीड़ हो जाएगी."

गाडी हळूहळू गर्दीतून निघाली. शेवंताचं तोंड मागेच होतं, त्यामुळे विहार तिला बराच वेळ दिसत राहिलं.