पुढे ढकललेलं रॉकेट आम्ही पाहिलं

भूतखेत, चकवा, अंगात येणं... यातलं मी काहीच मानत नाही. नवी बाईक मी मुद्दाम अमावस्येला घरी आणली होती. दुसऱ्याच दिवशी पाथर्डी फाट्यावर आपटलो, पण त्यात अमावस्येचा दोष नव्हता. माझं ड्रायव्हिंगच तसं आहे.

नाशकात इंदिरानगरला आमची सात मजली सोसायटी. वडील, म्हणजे अण्णा, अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये आयुष्यभर लेथवर होते. रिटायर होण्याआधीचं शेवटचं काम रॉकेटच्या रिंगांचं. तेव्हा त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. तपासणीत सगळ्या रिंगा पास झाल्या, पुढे डोळ्यांचं ऑपरेशनही झालं. पण ते रॉकेट श्रीहरिकोट्याहून उडणार अशी बातमी आली आणि माणूस झोपेना.

"शेवटच्या रिंगेच्या मापाचा आकडा मला नीट दिसलाच नव्हता रे," एवढंच म्हणायचे.

मी ऐटीत जाहीर केलं, "पहाटे पाच चाळीसला आपल्या गच्चीवरून दिसेल. तुम्हीच बघा सरळ जातंय की नाही." आधार काय, तर एक फॉरवर्ड. सोसायटीच्या ग्रुपवरही टाकलं. मागे मी सगळ्यांना ग्रहण दाखवायला एक दिवस आधीच गच्चीवर चढवलं होतं, त्यामुळे या वेळी फक्त खैरनार काकू आल्या. थर्मास घेऊन.

पाच पस्तीसला फोन उघडला. रात्रीचा मेसेज – उड्डाण दोन दिवस पुढे ढकललं. मी तीन अलार्म लावून गाढ झोपलो होतो.

अण्णा कठडा धरून आग्नेयेकडे बघत उभे. अजून दोन रात्री हे असेच जागणार... मला सांगवेना. तेवढ्यात ओझरच्या बाजूला विमानाचा दिवा दिसला.

"अण्णा, ते बघा, निघालं."

"ते विमान आहे, गाढवा. इकडे बघ."

देवळालीच्या बाजूला, खालच्या धुरकट पट्ट्यातून एक नारंगी ठिपका वर चढत होता. मागे पांढरी शेपटी. आवाज अजिबात नाही.

"काय शे रे भाऊ ते?" काकू देवळ्याच्या, घाबरल्या की माहेरची बोली येते.

मध्येच ठिपक्यातून काहीतरी सुटून खाली गेलं. उरलेला ठिपका वर जात राहिला आणि दिसेनासा झाला.

"पहिला टप्पा सुटला," अण्णा म्हणाले. "सरळ गेलं रे... सरळ गेलं." खाली येऊन ते दुपारी एकपर्यंत झोपले.

मी व्हिडिओ काढला होता. सेल्फी कॅमेरा चालू राहिला. त्यात फक्त माझं तोंड आहे, उघडं, आणि हळूहळू वर वर वळत जाणारं.

तीन दिवस मी घरातला पेपर लपवला आणि पेपरवाल्याला शिव्या घातल्या. खरं उड्डाण झालं त्या पहाटे एकटाच गच्चीवर गेलो. आभाळ स्वच्छ. काही म्हणजे काही दिसलं नाही. फोनवर आलं – यशस्वी. मग पायरीवर बसलो.

लिफ्टमध्ये काकूंनी हळूच विचारलं, "मग आपण काय पाहिलं?"

मला माहीत नाही. इथे कुणाला माहीत असेल तर सांगा, पण मला एकट्याला. अण्णा आता रात्रभर झोपतात.